सगळ्यांना पसंत नाही आहे

मी तर्कशास्त्र शिकवते. हे ऐकलं की लोकांना वाटतं, बाई थंड डोक्याची असणार. माझ्या आईनं माझं डोकं थंड असलेलं पस्तीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही, आणि तिनं ते फार जवळून पाहिलं आहे.

देवासच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मी शिकवते ते हिंदीत. पण एखादी गोष्ट मला नीट कळली आहे की नाही, हे मराठीत बोलल्याशिवाय माझं मलाच समजत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी सगळा धडा आईला मराठीतून ऐकवायचे. आई बालमंदिरातून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिला तीन वर्षांच्या पोरांच्या रडारडीची सवय, त्यामुळे माझ्या आरडाओरड्याचं तिला काही वाटायचं नाही. भाजी निवडत ऐकायची आणि मध्येच असं काही विचारायची की माझा दुसऱ्या दिवशीचा तास उलटापालटा व्हायचा.

तिचा सगळ्यांत लाडका धडा म्हणजे अव्यवहित अनुमान. नाव भारदस्त आहे, गोष्ट साधी. हातात एकच वाक्य आहे. बाहेरची कसलीही माहिती न घेता त्या एका वाक्यातून दुसरं कोणतं वाक्य खात्रीनं निघतं आणि कोणतं निघत नाही, एवढंच बघायचं. 'एकही डॉक्टर आळशी नाही' असं कोणी म्हटलं तर 'एकही आळशी माणूस डॉक्टर नाही' असं बिनधास्त म्हणावं. पण 'सगळे शिक्षक बडबडे असतात' यावरून 'सगळे बडबडे लोक शिक्षक असतात' असं म्हणायची सोय नाही. आई म्हणाली, "नाहीतर आपल्या मागच्या गल्लीत एक अख्खं शिक्षण खातं निघालं असतं." हे उदाहरण मी दुसऱ्या दिवशी वर्गात जसंच्या तसं वापरलं.

एका ठिकाणी मात्र ती हटकून घसरायची, आणि ती चूक अस्सल देवासची आहे. 'सगळी फुलं पांढरी आहेत' हे वाक्य फिरवून 'एकही फूल पांढरं नसलेलं नाही' असं म्हणता येतं. आता 'पांढरं नसलेलं' म्हणजे काळं नव्हे. लाल, पिवळं, जांभळं, सगळं त्यात आलं. आईला हे पटायचंच नाही. कारण संस्थानच्या काळात आमच्या देवासला दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, एका गावात दोन राजे. आईचं माहेर थोरल्या पातीचं. संस्थानं जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या माहेरी अजून जो थोरल्या पातीचा नाही तो धाकट्या पातीचा. तिसरा प्रकार त्यांनी पाहिलेलाच नाही. त्यामुळे आईचं सगळं जगच तसं. गोड नाही म्हणजे कडू, हुशार नाही म्हणजे ढ, हो म्हटलं नाही म्हणजे नाही म्हटलं.

"अगं आई, देवासच्या बाहेर तिसरी पाती असते," मी ओरडायचे.

"असेल बाई," ती म्हणायची. "आमच्याकडे कधी आली नाही."

मधली दोन वर्षं मी धारला अतिथी विद्वान होते. अतिथी विद्वान म्हणजे सरकारी कॉलेजात एकेका वर्षाच्या बोलीवर शिकवणारे. नावात अतिथी असलं तरी बस म्हणायलाही कोणी नसतं. आई माझ्याबरोबर धारला आली. बाबांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती आणि मला तिला देवासला एकटं ठेवायचं नव्हतं.

आम्ही भाड्यानं राहायचो त्याच्या समोरच्या घरात एक काका होते. पीथमपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायच्या विभागात नोकरी करून नुकतेच निवृत्त झालेले. त्यांची बायको मुलगा सहा वर्षांचा असतानाच गेली होती. आता मुलगा बत्तीस वर्षांचा, तोही पीथमपूरलाच नोकरीला, शिफ्टच्या बसनं जाऊन येऊन. घरात तो, त्याची बायको, काका आणि काकांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली आत्या म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

आईनं काकांना पहिला प्रश्न विचारला तो हाच. "तुम्ही थोरल्या पातीचे की धाकट्या?"

काका म्हणाले, "वहिनी, आम्ही धारचे. आमच्याकडे एकच राजा होता, आणि तोच पुष्कळ झाला."

आई दोन दिवस आठवून आठवून हसत होती. महिन्याभरात त्यातलं 'वहिनी' कुठे गेलं ते कोणाला कळलं नाही. नुसतं 'अहो' उरलं, दोन्हीकडून.

मग काकांनी आईला स्कूटी शिकवायला घेतली. आईचं वय तेव्हा अठ्ठावन्न. आयुष्यभर ती टेम्पोनं आणि पायी फिरलेली बाई. रोज सकाळी किल्ल्याजवळच्या मैदानावर ती स्कूटी घेऊन गोल फिरायची आणि काका मधोमध उभे राहून सूचना द्यायचे. एकदा ती थेट पोह्यांच्या ठेल्यावर गेली. ठेलेवाला जिलबीचं ताट उचलून बाजूला झाला आणि शांतपणे म्हणाला, "माँ साब, बिरेक भी होवे है इसमें." आई घरी आली ती पोह्यांचे पुडे घेऊनच. कपाळावर घाम, साडीवर शेव, आणि चेहऱ्यावर असलं हसू की मला क्षणभर ती ओळखूच आली नाही.

एका रविवारी दोघं मांडूला जाऊन आली, आई चालवत आणि काका मागे. येताना तिथली ती मोठ्या कवचाची इमली, म्हणजे गोरखचिंच, घेऊन आली. मी घाटाच्या काळजीनं दिवसभर दारात येरझारा घातल्या होत्या, आणि ही दोघं ओट्यावर बसून इमली चोखत एकमेकांची वाकडी तोंडं बघून हसत होती. मी चिडले. मग मीही एक तुकडा तोंडात टाकला. आईला इतकं मोकळं हसताना मी लहानपणीही पाहिलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं, आणि बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं.

मग मला देवासला जागा मिळाली आणि आम्ही परत आलो. स्कूटी आमच्याबरोबर आली, पण आई ती भाजी आणण्यापुरतीच काढायची. का गं, विचारलं तर म्हणे, "इथले रस्ते फार सरळ आहेत." मी कपाळावर हात मारला. तर्कशास्त्रातली पदवी नसली तरी यातून काय निघतं ते कोणालाही कळलं असतं.

काकांनाही कळलं. एके दिवशी धारहून बसनं आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि माझ्यादेखत आईला म्हणाले, "आपण लग्न करूया का?" एवढंच. तपासणी विभागातला माणूस, उगाच वळणं घेत नाही.

आईनं आठ दिवस विचार केला आणि फोनवर हो म्हणाली. पण एक अट घातली. "तुमच्या घरातल्या सगळ्यांना विचारा. उत्तर तुम्ही कळवू नका, तुम्ही गोडच कळवाल. मुलाला लिहू दे. एकाच्याही मनाविरुद्ध मला त्या घरात पाऊल टाकायचं नाही. आणि तोवर तुम्ही फोन करायचा नाही."

"तोवर अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

"बरं," काका म्हणाले, आणि खरंच त्यांचा फोन बंद झाला.

मला हे लग्न हवं होतं. अगदी लहान मुलाला हवं असतं तसं, हट्टानं हवं होतं. आई कपाटातून एक मोतिया रंगाची साडी काढायची, हातात धरून बघायची आणि परत ठेवायची. असं मी तीनदा पाहिलं. चौथ्यांदा पाहिलं तेव्हा मीच स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

फोन बंद झाल्यापासून नवव्या दिवशी दुपारी अडीच वाजता काकांच्या मुलाचा मेसेज आला. आई मेथी निवडत होती. तिनं चष्मा लावला, वाचला, मोबाईल पालथा ठेवला आणि पुन्हा मेथी निवडू लागली.

"काय लिहिलंय?"

"झालं ते," ती म्हणाली.

मी मोबाईल उचलला. लिहिलं होतं, 'नमस्कार काकू. मी सगळ्यांशी बोललो. घरात सगळ्यांना पसंत नाही आहे. नंतर लिहितो.'

"एकालाही पसंत नाही," आई म्हणाली. आवाज अगदी सपाट. "मुलालाही नाही. मला वाटलं होतं त्याला तरी असेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकांच्या घरावर नव्हे, त्या वाक्यावर. असलं वाक्य मी परीक्षेत कोणाला लिहू देत नाही. दुतोंडी वाक्य आहे ते. 'सगळ्यांना पसंत नाही' म्हणजे एकालाही नाही, की सगळेच्या सगळे तयार नाहीत, कोणीतरी अडलंय? दोन्ही अर्थ निघतात. मराठीतही निघतात, हिंदीतही निघतात, आणि आमच्याकडची हिंदी शाळेत शिकलेली मंडळी मराठी लिहायला बसली की दोन्हींमधला गोंधळ उचलून आणतात.

"आई, बालमंदिरात तू हजेरी घ्यायचीस. 'आज सगळी मुलं आली नाहीत' असं तू म्हणायचीस की नाही?"

"म्हणायचे."

"मग एकही मूल आलं नाही म्हणून शाळेला कुलूप लावून घरी यायचीस का?"

तिचे हात थांबले. मेथीची काडी तशीच बोटांत. "नाही," ती म्हणाली. "दोन-चार नसायची."

"तेच तर सांगतेय. या वाक्यातून खात्रीनं काय निघतं? काहींना पसंत नाही. बस, एवढंच. आणि म्हणजे काहींना पसंत आहे."

"थांब," आई म्हणाली. "हे दुसरं कुठून आणलंस?"

"कुठलं?"

"'काहींना पसंत नाही' यावरून 'काहींना पसंत आहे' असं निघत नाही. तूच शिकवतेस. काही आंबे आंबट नाहीत असं पेटीत वरचे दोन चाखून म्हणता येतं, पण म्हणून खाली आंबट असतीलच असं नाही. एकही आंबट नसला तरी तुझं वाक्य खरंच राहतं. मागच्या आठवड्यातच दारात उभी राहून सांगत होतीस."

तिचं बरोबर होतं. काहींना नाही, हे सगळ्यांनाच नसतानाही खरं असतं. मी घाईघाईत तिच्यासाठी एक आशा बनवली होती आणि तिनं ती माझ्याच धड्यानं खोडून काढली.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "निदान एकाला तरी पसंत नाही, एवढं पक्कं. बाकीच्यांचं माहीत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि माझी अट एकाचीच होती."

वाक्य कसंही वाचलं तरी तिच्या अटीपुढं उत्तर 'नाही' असंच येत होतं. तिनं मेथी धुवायला घेतली. मी म्हटलं, निदान कोण ते विचार, का ते विचार. ती म्हणाली, "नाही म्हणणाऱ्याला का म्हणून विचारणं म्हणजे हात पिरगाळून हो म्हणवणं. मी विचारणार नाही." त्या दिवशीची मेथीची भाजी दोघींनाही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात रजा टाकली. "मी धारला चाललेय," म्हटलं. "तुझी अट तुझ्यासाठी. मी काही अट घातलेली नाही." आईनं डब्यात दशम्या भरून दिल्या. मी त्याचा अर्थ काढला नाही. हल्ली अर्थ काढायची मला भीती वाटायला लागली होती.

इंदूरला बस बदलून धारला पोचेपर्यंत दुपारचे तीन वाजले. ऑक्टोबरचं ऊन. काका अंगणातच होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच गोंधळला. "तुझ्याशी बोललेलं चालेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अटीत माझं नाव नव्हतं. ते विचारात पडले, मग म्हणाले, "नको. तू तिच्या बाजूची. मी तळ्याकडे फिरून येतो." आणि त्या रणरणत्या उन्हात माणूस टोपी घालून फिरायला निघून गेला.

मुलगा पहिली शिफ्ट करून नुकताच आला होता. मी मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय लिहिलंयस?"

"काय झालं ताई?"

"कोणालाच पसंत नाही?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरे नाही ना. सगळ्यांना नाही, मतलब सबको नहीं है अभी. बाबांना आहे, मला आहे, हिला आहे. आत्याचं बाकी आहे. शिफ्टच्या बसमध्ये होतो, नेटवर्क जाऊन राहिलं होतं, म्हणून म्हटलं नंतर लिहितो. मग रात्री बाबांना विचारलं लिहू का, तर ते म्हणाले आत्याचं होईपर्यंत थांब."

"मग 'सगळ्यांनाच पसंत आहे असं नाही' एवढं लिहिता येत नव्हतं?"

"इतकी लंबी मराठी मला कुठे येते ताई," तो अगदी केविलवाणा झाला. "हिंदीत लिहिणार होतो. पण वाटलं, लग्नाची गोष्ट हिंदीत केली तर काकूंना बरं नाही वाटणार."

त्याची बायको आतून पाणी घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "मी साडी पण घेऊन ठेवली काकूंसाठी," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि तू त्यांना रडवलंस." मला त्या क्षणी दोघांनाही मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, कारण अजून एक खोली बाकी होती.

आत्या आपल्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होत्या. वय सत्तर. ताठ बसणं, स्वच्छ इस्त्रीची साडी. आमच्याकडच्या जुन्या घरांत अजून टिकून असलेलं आदबशीर मराठी त्या बोलायच्या. दोन वर्षं आम्ही समोर राहिलो होतो, तरी त्यांनी पेपरची नीट घडी केली आणि म्हणाल्या, "यावं. बसावं. काय काम काढलंत?"

मी सरळच विचारलं. "आत्या, माझ्या आईचं स्थळ तुम्हाला पसंत नाही का?"

"असं मी कोणाला म्हटलं?"

"म्हणजे पसंत आहे?"

"तेही मी म्हटलेलं नाही."

मी खुर्चीत नीट बसले. इतकी वर्षं मी आईला ओरडून सांगत होते ती तिसरी पाती माझ्यासमोर बसली होती. हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना नाहीच्या रांगेत उभं केलं होतं.

"मला विचारलं नाही," आत्या म्हणाल्या. "मला सांगितलं. चहा देता देता. 'आत्या, बाबांचं असं असं ठरतंय, तुमचं काही नाही ना?' याला विचारणं म्हणतात? आमच्यात मुलीकडचं वडीलमाणूस येतं, बसतं, विचारतं. तुमच्याकडून कोण आलंय?"

मी मनातल्या मनात नातेवाइकांची उजळणी केली. आजोबा नाहीत. मामा खातेगावला सोयाबीनच्या कापणीत, आणि त्याला अजून आम्ही काही कळवलंही नव्हतं.

"मी आलेय," म्हटलं. "मुलीची मुलगी. वडीलमाणूस म्हणून मलाच धरा."

आत्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलला. मग त्यांनी खरोखरच सुरुवात केली. मुलीचं वय? साठाला एक कमी. शिक्षण? बी.ए., शिवाय बालशिक्षणाचा कोर्स. स्वभाव? शांत. राग? तो सगळा माझ्याकडे आला. स्वयंपाक? कढी उत्तम, बाफले, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्या, मात्र दगड होतात. "प्रांजळ आहात," आत्या म्हणाल्या, आणि मी हसले, आणि त्याही हसल्या. दाराबाहेर मुलगा आणि सून कान लावून उभे होते ते मला दिसत होतं.

मग त्या एकदम थांबल्या. पेपरची घडी पुन्हा एकदा नीट केली.

"ह्या घरात मला सव्वीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आमच्या वहिनी गेल्या आणि मी उज्जैनची शाळेतली नोकरी सोडून इथं आले. हा बाहेर उभा आहे, याला मी वाढवलं. वहिनी असताना मी इथं दिवाळीला यायची, चार दिवस राहायची, जायची. आता पुन्हा वहिनी येणार. घरात वहिनी आली की नणंद पाहुणी होते. सगळ्या घरांत असंच असतं."

दाराबाहेरची कुजबुज थांबली.

माझ्या जिभेवर आलं होतं की 'सगळ्या' हे खोडायला एकच उलटं उदाहरण पुरतं. वर्गात मी हे वाक्य टेबलावर हात आपटून सांगते. पण ते एक उदाहरण माझ्याजवळ नव्हतं, ते अजून घडायचं होतं. मी आयुष्यात क्वचित करते ती गोष्ट केली आणि गप्प राहिले. मग मोबाईल काढून आईला फोन लावला. "आई, आत्यांना कोणी विचारलंच नव्हतं," एवढं म्हणून तो आत्यांच्या हातात दिला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा करून ठेवला.

आई म्हणाली, "ताई, मग आता मी विचारते. मी त्या घरात यावं का? तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा विचारणार नाही आणि मनातही ठेवणार नाही."

आत्यांनी मोबाईल कानाच्या आणखी जवळ नेला.

"आणि हो म्हणालात तर तुमची खोली, तुमचं कपाट, तुमच्या किल्ल्या, काही जागचं हलणार नाही. तुम्ही घरच्या आहात. मी नवीन आहे. मला थोडे दिवस पाहुणी म्हणून वागवलंत तरी चालेल."

"पाहुणी कशापायी?" आत्या पटकन म्हणाल्या. मग घसा साफ केला. "कढी करता म्हणे तुम्ही. गूळ घालता?"

"घालते."

"आमच्यात घालत नाहीत."

"मग दोन पातेली करू," आई म्हणाली. "आम्ही देवासचे. आम्हाला प्रत्येक गोष्ट दोन असायची सवय आहे."

आत्या हसल्या. मोठ्यानं नाही, पण खांदे हलले. "बरं, ठेवते," त्या म्हणाल्या. "लेखी कळवते." आणि फोन माझ्या हातात परत दिला.

मुलाला त्यांनी आत बोलावलं. "मोबाईल काढ. मी सांगते ते लिही. तुझं मराठी नको."

तो उभ्यानंच लिहू लागला. आत्यांनी मजकूर सांगितला, एकेक शब्द सुटा करून, कानामात्रेसकट. "घरातल्या, प्रत्येकाला, पसंत, आहे."

मी मनात शाबासकी दिली. एक तोंडाचं वाक्य, कुठूनही वाचा, अर्थ एकच. मुलगा पाठवायला बोट नेणार तेवढ्यात आत्या म्हणाल्या, "थांब. पुढे लिही. मलाही."

"आत्या, प्रत्येक में तुम्ही आलाच ना," तो म्हणाला, आणि पाठिंब्यासाठी माझ्याकडे पाहिलं.

शास्त्राप्रमाणे त्याचं बरोबर होतं. प्रत्येकाला पसंत आहे यात कोणीही एक जण आपोआप आलाच. दुसऱ्या वाक्यात काडीचीही नवी माहिती नव्हती. पेपरात कोणी असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

"आले असेन," आत्या म्हणाल्या. "तरी लिही."

त्यानं लिहिलं आणि पाठवलं. सून चप्पल घालून तळ्याकडे धावली, सासऱ्यांना उन्हातून घरी आणायला. मी अंगणात आले. दोन मिनिटं थांबले, मग राहवेना म्हणून आईला फोन लावला.

"आला मेसेज?"

"आला."

"वाच बघू, काय लिहिलंय."

ती म्हणाली, "'मलाही' असं लिहिलंय," आणि रडायला लागली. पहिलं वाक्य तिनं मला वाचून दाखवलंच नाही.